शेंगा फोडणारे हात

माझ्या बहिणीच्या लेकीनं साताऱ्यात विनोदी मालिका बनवणारी कंपनी काढली. लिहिणारी तीच, निर्मातीही तीच. चित्रीकरणाआधी ती कराडला येऊन शेंगा फोडत बसलेल्या आम्हा बायकांना भाग वाचून दाखवते. परवा आम्ही खो खो हसलो, पण ती आमच्या हातांकडंच बघत होती.

"मावशी, तुमी भिडंखातर हसताय. खरं हसू आलं की हात थांबतात. कुणाचा थांबला?"

खरंच की, एकीचाही नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रीकरण होतं, नट साताऱ्यात येऊन बसले होते, तरी तिनं सगळी पानं फाडली आणि टरफलांतच बसून नव्यानं लिहिलं. पुन्हा वाचताना आमचे हात आपोआप थांबले.

हिला मी कडेवर घेऊन फिरवलेलं. पण त्या दिवशी "शाबास" म्हणायचीसुद्धा माझी छाती झाली नाही, बाई!