व्हिटॅमिनची डबी

टेबलावरच्या डबीत गोळ्या खुळखुळल्या की मला नवागामची ती दुपार आठवते. घरात उरलेली औषधं एका धर्मादाय दवाखान्याला देता यावीत म्हणून मी वेबसाइट बनवत होतो, आणि चाचणीत आलेलं पहिलंच दान होतं व्हिटॅमिनची भरलेली डबी. माझ्या फॉर्मने फक्त लेबलचा फोटो मागितला होता; दवाखान्याने त्यावर भरवसा ठेवून ती सकाळीच एका गरोदर बाईला दिली. मी जेवायला बसणार तोच डबी देणाऱ्या मावशींचा फोन आला, "भाऊ, त्या डबीत यांच्या शुगरच्या गोळ्या भरेल होत्या. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार-चार गोळ्या द्यायचा, तुकडे हरवायचे, म्हणून मी सोलून त्यात टाकायची." नवरा गेल्यावर त्या हे विसरूनच गेल्या होत्या. त्या बाईचा फोन लागेना, तेव्हा दवाखान्यातून पत्ता घेऊन मी गाडी काढली. नवागामच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून जाताना डोळ्यांपुढे फक्त माझा फॉर्म होता, शेवटी हिरव्या अक्षरात 'धन्यवाद' म्हणणारा. ती खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर डबी, शेजारी पाण्याचा रिकामा ग्लास. माझ्या गळ्यातलं दवाखान्याचं कार्ड पाहून तिनेच डबी पुढे केली, "बरं झालं आलात दादा, सकाळपासून झाकणच निघत नाही. तेवढं उघडून द्या." आता वेबसाइट फक्त न फोडलेल्या स्ट्रिप घेते. डबी मी ठेवून घेतली. तिचं झाकण जरा दाबून फिरवलं की लगेच निघतं.