उकडतंय म्हणायचं कुणी?

आमची मावशी धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची आणि काका कोल्ड स्टोरेजमध्ये माल लावायचे. ती दिवसभर वाफेत, ते दिवसभर बर्फात. संध्याकाळी घरी आल्यावर ती खिडकी उघडायची, ते मागोमाग जाऊन बंद करायचे. एका खिडकीवर त्यांचा संसार मजेत चालला होता.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून नर्सिंग शिकत होते. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर जुना हीटर बंद पडला आणि लाकडावर चालणारी शेगडी घ्यायचं ठरलं. भिंतीत धुराडं होतंच. मावशी म्हणे, खोली केवढीशी, लहान शेगडी बस झाली. काकांना मात्र थंडीचा एकदाचा निकाल लावायचा होता.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "खोली किती मोठी?"

"बरीच मोठी," काका म्हणाले.

"म्हणजे किती?"

काकांनी दोन्ही हात पसरले. तेवढ्याने भागेना, म्हणून दोन पावलं मागे सरकून पुन्हा पसरले. मावशीने माझ्याकडे बघून डोळा मारला.

"हे बघा," दुकानदार समजुतीने म्हणाला, "लहान खोलीत मोठी शेगडी ठेवली की ती सारखी दाबून जाळावी लागते. मग धूर कोंडतो, शेगडीच्या दाराची काच काळी होते, धुराड्यात काजळी धरते. खोलीच्या मापाची घ्या."

"स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं आमच्या. ते धरा. आणि जिनाही धरा."

"जिना आपला नाहीये," मावशी म्हणाली. "जिना अख्ख्या बिल्डिंगचा आहे."

"थंडी तिथूनच येते ना पण!"

शेवटी काकांनी दुकानातली सगळ्यांत दांडगी बिडाची शेगडी पसंत केली. मला वाटलं, आता मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती म्हणाली, "घ्या, घ्या. तुमची हौस होऊ दे." आवाज इतका गोड, की काकांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

शेगडी वर चढवताना हमालांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला जागा करायला आरामखुर्ची झोपायच्या खोलीत गेली. पहिल्याच संध्याकाळी खोली अशी तापली, की कपाटावरची मेणबत्ती वाकून नमस्कार करायला लागली. मी स्वेटर काढला, मोजे काढले. काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"काय छान ऊब आहे!" काका म्हणाले.

"मला बाई अजून गारच वाटतंय," मावशी शाल लपेटत म्हणाली. "अजून एक ओंडका घालू का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. "घाल की."

मग रोज हाच खेळ. काकांनी हळूच हवेची झडप लावावी, धूर व्हावा, आणि मावशीने ती सताड उघडावी. "अहो, दाबून जाळू नका म्हणाला होता ना दुकानदार?" शेजारचे मास्तर गप्पा मारायला यायचे, ते आता बनियनवर यायला लागले. काका घडीघडी उठायचे. "जिना तापलाय का बघून येतो," म्हणायचे आणि अर्धा अर्धा तास पायरीवर बसून राहायचे. मावशीने तर कमालच केली. चांगला जाड लोकरीचा स्वेटर विणला आणि शेगडीसमोरच त्यांना घालायला लावला. काकांनी घातला. वर "बाह्या छान झाल्यात" असंही म्हणाले.

एके दिवशी कोल्ड स्टोरेजचे मुकादम कोट टाकायला धुलाईत आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "वहिनी, घरी काही वाजलंय का? सुट्टी झाली तरी हे माशांच्या खोलीत पेटीवर बसून असतात."

मावशी इतकी हसली की इस्त्री शर्टावरच राहिली. मालकाची बोलणी खाऊन ती तडक कोल्ड स्टोरेजला गेली. काका खरंच पेटीवर बसले होते, गळ्याचं बटण उघडं, चेहऱ्यावर परम समाधान.

"घरी चला. शेगडी पेटवायचीय."

"अगं..."

"काय?"

"उकडतं गं," काका पुटपुटले.

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

"उकडतं! उकडतं! उकडतं!" काका ओरडले. मुकादम दारातून डोकावले आणि तसेच मागे फिरले.

"मग आधी सांगायचं नाही का हो?" मावशी मटकन शेजारच्या पेटीवर बसली. "मी शिजून निघाले त्या शालीत!"

दोघं तिथेच कितीतरी वेळ हसत बसली, असं मुकादम नंतर सांगत होते.

दुकानदाराने मोठी शेगडी मुकाट्याने परत घेतली आणि लहान दिली. ती थोड्या लाकडांत लख्ख जळायची, काचही स्वच्छ राहायची. थोड्याच दिवसांत काका बिल्डिंगमधले शेगडीतज्ज्ञ झाले. खालच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं, तेव्हा टेप घेऊन त्यांच्यासोबत दुकानातही जाऊन आले.

"काय ठरलं?" मावशीने विचारलं.

"पोरगी म्हणते लहान, पोरगा म्हणतो मोठी."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मोठी घे म्हटलं."

"अहो! सगळं माहीत असून?"

"नवीन लग्न झालंय त्यांचं," काका बूट काढत म्हणाले. "जरा मजा येऊ दे की त्यांनाही."