तीनशे तेरावी जागा

मास्तर खरे मास्तर नव्हतेच. दुसऱ्यांचा प्रोग्रॅम कागदावर छापून घ्यायचा आणि लाल पेनने तपासायचा, अशी त्यांना खोड होती. म्हणून ऑफिसने हे नाव पाडलं. कंपनी दवाखान्यांसाठी सलाइनमधून औषध सोडणारी मशीनं बनवायची. त्या मशीनच्या वीतभर पडद्यावर जे काही दिसायचं, ते एकोणीस वर्षं मास्तरांनीच लिहिलं होतं. आकडा कुठे, बटण कुठे, लाल पट्टी केव्हा, सगळं ओळीमागून ओळ, हाताने.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गटातली एक प्रोग्रामर वेगळी पद्धत घेऊन आली होती. पडदा कसा दिसायला हवा एवढंच मार्कअपच्या, म्हणजे नुसत्या वर्णनाच्या, फाइलीत मांडून ठेवायचं आणि त्यातला प्रत्येक आकडा मशीनच्या आतल्या आकड्याशी बांधून टाकायचा. आत बदल झाला की पडदा आपला आपण बदलेल. मास्तरांनी तिचे कागद लाल करून परत दिले.

"मी सांगेन तेव्हा पडदा बदलेल, बाई. लगाम आपल्या हातात हवा."

तिने कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि विषय तिथेच मिटला.

मग एका दवाखान्यात डॉक्टरांनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून एका पेशंट बाईंच्या औषधाचा वेग वाढवला. मशीनने तो वाढवलाही, पण खाटेजवळच्या पडद्यावर आकडा जुनाच राहिला. नर्सला वाटलं, हुकूम पोचलाच नाही. तिने बटण दाबून तेवढाच वेग आणखी वाढवला. तासाभरात बाई गेल्या.

मशीनमधली नोंद मास्तरांच्या टेबलावर आली. त्यांना चूक शोधायला फार वेळ लागला नाही. बाहेरून वेग बदलला तर 'पडदा नव्याने लिही' असं सांगणारी ओळ त्यांनी लिहिलीच नव्हती. चहा आला, निवला, पोऱ्याने कप तसाच उचलून नेला.

बैठकीत त्या प्रोग्रामरच्या पद्धतीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा साहेब म्हणाले, "ती एक ओळ घाला आणि मोकळे व्हा. नव्या पद्धतीला वर्ष जाईल. मास्तर, तुम्हीच सांगा या बाईंना."

मास्तर उभे राहिले. "आकडा बदलला की पडद्याला सांगा, असं मी तीनशे बारा जागी लिहिलंय. तीनशे तेरावी विसरलो. अजून किती विसरलोय, मला ठाऊक नाही. हिच्या पद्धतीत सांगावंच लागत नाही, त्यामुळे विसरायची सोयच नाही. हिचीच पद्धत घ्या."

"आणि तुमचं एकोणीस वर्षांचं काम?"

"फेकून द्या."

बाहेर जिन्यात त्या प्रोग्रामरने त्यांना गाठलं. मास्तर म्हणाले, "तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "सर, आता ते नको बोलूया." तिचा आवाज कोरडा होता. त्यांनाही दिलासा नको होता.

काम अकरा महिने चाललं. मास्तर जुन्या ओळी तिला समजावून देत आणि एकेक पुसत. तसल्याच विसरलेल्या आणखी दोन जागा सापडल्या. शेवटचा पडदा मार्कअपमध्ये आला त्या आठवड्यात साहेबांनी त्यांना आत बोलावलं. त्यांच्याजोगं काम आता उरलं नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "आता काय करणार?"

"एका घरी जाऊन यायचंय."

"वकिलांनी सांगितलंय ना, तोंड उघडायचं नाही म्हणून?"

"कंपनीच्या वकिलांनी."

गेलेल्या बाईंच्या नवऱ्याने दार उघडलं. मास्तरांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "त्या मशीनच्या पडद्याचा प्रोग्रॅम माझा होता."

म्हातारा म्हणाला, "कंपनीच्या पत्रात तर नर्सची चूक म्हटलंय."

मास्तरांना ते पत्र माहीतच नव्हतं. "नर्सची नाही. माझी."

"मी वर्षभर त्या पोरीला शिव्याशाप देतोय," म्हातारा म्हणाला. आत जाऊन त्याने कागद आणला. "हे लिहून द्या. आणि परत इथे येऊ नका."

मास्तरांनी पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद धरून लिहून दिलं, खाली सही केली. त्या कागदावरून चौकशी पुन्हा उघडली. नर्सवरचा ठपका पुसला गेला आणि दवाखान्याने तिला कामावर परत बोलावलं. ती गेली नाही. आता कुठल्याच पडद्यावरच्या आकड्यावर आपला भरवसा बसत नाही, असं तिने कळवलं. कंपनीने गुपित फोडल्याचा दावा मास्तरांवर लावला. तारखेला ते एकटेच जातात, आणि न्यायाधीशांनी विचारलं की तीच दोन वाक्यं पुन्हा सांगतात: प्रोग्रॅम माझा होता. चूकही माझीच.