मॅडमच्या नावाची बोहणी

ज्यायनं मॅडमले काढलं, त्यायनंच काल मॅडमच्या फोटोले हार घातला.

बॅनरवर लिहिलं, 'आदर्श शिक्षिका'.
जित्तेपणी स्टाफरूममधी हक्काची खुर्ची नाही देल्ली.

मी चौथीतून उठलेली बाई. मी बोलून राह्यली आन् मोबाईल लिहून राह्यला. चुकलं तर त्याले बोला.

तन्नू माझी नात. मॅडमजवळ अकरावी कॉमर्सले होती. आता यवतमाळले बी.कॉम. करते. मोबाईलही तिनंच शिकवला. लय हुशार, माझ्यावर गेली.

तर मॅडम.
तासिकेवर होत्या. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. बिमार पडलं की भोपळा.

फळ्यापेक्षा बाजारात जास्त शिकवत. दारव्ह्याच्या बाजारात मी भाजी घेऊन बसतो. एक दिवस सारी वर्गाची पोरं आमच्या ओळीत आणून बसवली. म्हणे, "विकणाऱ्याच्या बाजूनं बसा. बोलू नका. कोणाले 'नाही' म्हणता येत नाही, ते पाहा."

पोरायनं पाह्यलं.

आमच्यात बोहणीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची, रीत आहे. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत धाडत नाही. तो म्हणन तो भाव. बोहणी मोडली की दिवस खराब.
एक शेठ आहे. उजाडताच यायचा, "कर माय बोहणी" म्हणायचा, पडत्या भावात टोपलं उचलायचा. मंग दुसरीजवळ. मंग तिसरीजवळ.

तन्नू म्हणे, "आजी, सगळ्यायचं पहिलं गिऱ्हाईक हाच काहून?"

इतके वर्ष बसली, कोणाच्या डोक्यात नाही आलं.

मले वाटलं मॅडम म्हणतीन, सोडा हे अंधश्रद्धा. नाही म्हटलं.
म्हणे, "रीत राहू द्या मावशी. पहिलं गिऱ्हाईक कोण, ते तुम्ही ठरवा. फायनान्शियल डिसिजन म्हणतात ते हेच."

पुढच्या बाजारी पोरं शेठच्या आधी थैल्या घेऊन हजर. एकेकीजवळ एकेक जुडी घेतली, पुऱ्या भावात.

शेठ आला. "कर माय बोहणी."
"झाली शेठ."
बाजूची शांता, "माह्यीबी झाली."
सारी ओळ. झाली, झाली, झाली.
शांता तोंडाले पदर लावून हासून राह्यली. काय तोंड झालतं त्याचं. आताही आठवलं की मले दोन घास जास्त जातात.

पण शेठचा भाऊ कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा सचिव.

मंग सुरू झालं. कॉलेजच्या पोरायले भाजीवर बसवते. पालकायची तक्रार आहे. कोणते पालक, ते कोणी नाही सांगितलं. मी पालक नाही का? मले कोणी विचारलं?

जूनमधी मॅडमले सांगितलं, यंदा तास नाहीत.
तास होते. सचिवाच्या भाच्याले देल्ले.

मॅडम वणीले गेल्या. तिथंबी तासिकाच. कावीळ झाली, ती अंगावर काढली. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, सुट्टी घ्या ना." म्हणे, "मावशी, परीक्षा झाली की घेतो."
पोरायले डिसिजन शिकवणाऱ्या बाईजवळ डिसिजनच नाही ठेवला कोणी.

इकडं तन्नूची बॅच पांगली. शेठ पुन्हा पहिला.

काल शोकसभेत हाच शेठ माईकवर बोलला, "आमच्या मॅडम." तन्नूची बॅच मागं उभी. एकालेबी बोलू नाही देल्लं. वेळ नाही म्हणे.

आज बाजार.
शेठ आला. कालचाच पांढरा ड्रेस. "लय चांगल्या होत्या मॅडम, मावशी. चल, कर बोहणी."

"झाली शेठ."

"इतक्या सकाळी? कोण आलतं?"

माह्या मागून तन्नू उठली. हातात मेथीची जुडी. तिकडं शांताजवळ तिच्याच बॅचचा, आता पुण्याले राहणारा पोरगा थैली घेऊन उभा. त्याच्या पुढं दुसरी पोरगी. ओळीच्या शेवटापर्यंत.

शेठ गाडीकडं गेला.

मॅडम, तुमच्या फोटोजवळ मी काल नाही आली. त्या हारायच्या बाजूनं मले उभं नव्हतं राहायचं.
आज तुमच्या नावाची बोहणी झाली. पुऱ्या भावात.

तुमाले अखेरचा जय भीम.