सिद्दी पाहुण्या, पांढरा रस्सा आणि माझं भाषण

आमच्या पेठेत माझ्या तोंडाला तोंड देणारं माणूस नाही, असं मी स्वतःच सांगत असते. लोकही म्हणतात, पण माझ्या माघारी. तर ह्या तोंडाची एकदा भर म्युझियमात, माइकसमोर, जी शोभा झाली ती आज सांगून टाकते. चहा ओतून घ्या आधी. मध्ये उठून कुणी जायचं नाही.

मी चौथी पास. पुढचं शिक्षण माझं मी केलं. पुष्कळ बायका सांगतात, सासू झोपल्यावर चोरून वाचायचे. मी सासू जागी असताना तिच्यासमोर वाचायची. लपूनछपून काही करायचा माझा स्वभाव नाही. वाचनालयातलं इतिहासाचं कपाट मी खालच्या फळीपासून वाचत वर गेले. वरच्या फळीला हात पुरेना, तेव्हा स्टूल मागून घेतलं.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली असतील. आमच्या पेठेतल्या लहानशा म्युझियमनं सिद्दी लोकांचा महोत्सव ठरवला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून शेकडो वर्षांमागं इकडं आलेल्या माणसांचे वंशज. जुन्या कागदांत त्यांना हबशी म्हणतात. कुणी गुलाम करून आणलेले, कुणी शिपाई म्हणून आलेले, कुणी व्यापाराला. दख्खनच्या दरबारांत त्यातले काही वजीर झाले. जंजिऱ्यात बसून त्यांनी भल्याभल्यांना दाद दिली नाही. आणि कितीतरी जण गोव्यातल्या गुलामीतून निसटून हल्याळ-यल्लापूरच्या रानात जाऊन राहिले. हल्याळ म्हणजे बेळगावच्या पलीकडं, आपल्याकडून एसटीनं जाता येतं एवढ्या अंतरावर.

हे सगळं मला पाठ होतं. महोत्सवात फोटो, हत्यारं, वाद्यं मांडायची होती, आणि शेवटच्या दिवशी हल्याळकडच्या सिद्दी बायकांचं पथक येऊन गाणी-नाच करणार होतं. त्याआधी ह्या लोकांची ओळख करून देणारं एक भाषण हवं होतं.

मी सरळ म्युझियमच्या जाधवसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसले. "भाषण मी करणार."

साहेबांच्या शेजारी शिंदेबाई बसलेल्या. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काकी, हे हळदीकुंकवाचं भाषण नव्हे."

"म्हणून तर तुम्हाला दिलं न्हाय," मी म्हटलं.

साहेबांनी हसू आवरलं. त्यांनी मधला रस्ता काढला. म्हणाले, "काकी, भाषण तुमचं. पण पाहुण्यांचं जेवणखाण तुमच्या महिला मंडळानं बघायचं आणि पाचच्या आत सगळ्यांना इथं आणायचं. पाच म्हणजे पाच. शाळेची मुलं येणार आहेत, विद्यापीठात शिकणारी केनियाची पोरं येणार आहेत."

"जेवणाची काळजी कोल्हापुरात करायची नसते," मी म्हटलं. हे वाक्य नंतर मला पुष्कळ महागात पडलं.

महिनाभर मी भाषण तयार केलं. रोज सकाळी धार काढताना म्हशीला ऐकवायची. तिनं दूध चोरलं नाही, म्हणजे बरं जमलं असावं. भाषणाचं पहिलंच वाक्य होतं, "ही माणसं आपली पाहुणी नव्हेत, शेकडो वर्षांपासूनची घरची माणसं आहेत." वाक्य माझं होतं. कुठल्याही पुस्तकातलं नव्हे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ह्याच वाक्यानं पुढं माझी जिरवली.

दिवस उजाडला. पथक दुपारी बाराला माझ्या घरी जेवायला पोचायचं, ते एसटी वाटेत बंद पडल्यामुळं तीनला पोचलं. सहा-सात बाया आणि दमाम वाजवणारा सुबान्ना. दमाम म्हणजे त्यांचा ढोल. पथकाची म्होरकी लक्ष्मीअक्का, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच काठी न घेता चालणारी. मला ती बघताक्षणी आवडली.

आमची मालन मात्र गडबडली. मालन म्हणजे मंडळाची खजिनदार आणि माझी शेजारीण. माणूस परदेशी दिसलं की मोठ्यानं बोललं म्हणजे कळतं, अशी तिची समजूत. ती हातवारे करत ओरडायला लागली, "पाणी. पाणी. प्यायचं पाणी."

लक्ष्मीअक्का शांतपणे म्हणाली, "ऐकू येतं गे मला. आणि पाणी नको, आधी चहा दे. एसटीत बसून डोकं उठलंय."

अगदी आपल्यासारखं मराठी, थोडं हल्याळकडच्या वळणाचं. मालन पदर तोंडाला लावून आत पळाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काकी, उशीर झालाय. चहा-पोहे द्या आणि घेऊन या. जेवण रात्री बघू."

तुम्हीच सांगा, पाहुण्यांना पोह्यावर भागवायचं? पहाटेपासून आम्ही चुलीपुढं. मटणाचं सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात. मी फोन ठेवला आणि पंगत बसवली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको, पण सांगते. आपल्याकडं पाहुणा 'बस' म्हणाला की वाढायला खरी सुरुवात होते. 'बस' हा नुसता शिष्टाचार. पहिल्या 'बस'ला जो थांबला तो यजमानच नव्हे. आणि पाहुण्याचं ताट मोकळं दिसलं की यजमानाची मान खाली. पाहुण्याला खरंच पुरे झालं असेल तर तो ताटात थोडं ठेवतो. ते दिसलं की आपला हात थांबतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. जन्मतःच येतं.

लक्ष्मीअक्कानं ताट संपवलं. म्हणाली, "बस गे."

"आवं, एवढ्यानं काय हुतंय," म्हणून मी वाढलं.

तिनं तेही संपवलं. "आता बस."

"लाजू नगा. घरच्यासारखं जेवा की." मी पुन्हा वाढलं.

तिनं माझ्याकडं एकदा, ताटाकडं एकदा पाहिलं, आणि संपवलं. ताट असं लख्ख की त्यात तोंड बघावं. मला वाटलं, काय माणसं आहेत, पोट भरता भरेना. पंगतीभर तेच. ह्या बायका संपवतायत, आमच्या बायका वाढतायत. सुबान्ना तर वाटीवर हात धरून बसला, तेव्हा मालननं त्याच्या भातात रस्सा ओतला. घामानं तो निथळत होता. मालन म्हणाली, "तिखट सोसतंय बघा त्यास्नी." तिला काय ठाऊक, तो घाम तिखटाचा नव्हता.

मी मनात म्हणत होते, शिंदेबाईंनी हे बघायला हवं होतं. ह्याला म्हणतात पाहुणचार.

साडेचारला म्युझियमचा टेम्पो दारात आला. मी पदर खोचून म्हटलं, "चला, उठा आता."

कुणी हललं नाही.

"अक्का, उठा की."

"कशी उठू?" लक्ष्मीअक्का भिंतीला टेकून म्हणाली. तिचे डोळे अर्धे मिटलेले. तिच्या दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून बसल्या होत्या. सुबान्ना सोप्यात आडवा झाला होता. तो छताकडं बघत म्हणाला, "दमाम माझ्या पोटावर ठेवा. श्वास घेतला की वाजेल."

मी घड्याळाकडं पाहिलं. आम्ही बायका तर अजून उपाशीच, कारण यजमानीण आधी जेवत नाही. "अक्का, पाचला नाच हाय. एवढं कशाला जेवलासा मग?"

"तू वाढलंस म्हणून."

"मग पुरं म्हणायचं न्हाय व्हय?"

"किती वेळा म्हटलं मी? बस म्हटलं, पुरे म्हटलं, ताटावर हात धरला. तू हाताच्या बाजूनं वाढलंस."

"ते म्हटलासा. पर ताट पुसून कोण ठेवतंय? ताटात थोडं ठेवायचं की. मग आमी थांबतो."

लक्ष्मीअक्का सरळ बसली. "ताटात टाकायचं? एसटीत सगळ्यांना मी बजावून आणलं होतं, परक्या गावात चाललोय, ताटात पडेल ते संपवायचं, अन्न टाकून नाव घालवायचं नाही. ह्या पोरी बिचाऱ्या माझ्या भीतीनं जेवल्या."

मी मालनकडं पाहिलं, मालननं माझ्याकडं. म्हणजे ताट रिकामं झालं की आम्ही भरणार, आणि भरलं की ह्या रिकामं करणार. मटण संपलं म्हणून थांबलो, नाहीतर अजून जेवत असत्या.

"तरी मी घरच्यासारखं जेवा म्हटलं हुतं," मी आपली बाजू मांडली.

"घरचं मानलं असतंस तर बस म्हटल्यावर ऐकलं असतंस," अक्का म्हणाली.

माझ्या भाषणाचं पहिलं वाक्य तिथंच, सोप्यात, मेलं.

कसंबसं एकेकीला हाताला धरून टेम्पोत चढवलं. म्युझियमपाशी पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेलेले. शाळेची पोरं बाकं बडवत होती. साहेब दारातच उभे. "काकी, पाच म्हटलं होतं. आता आधी नाच. पोरं भाषण ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. नाच झाला तर मागाहून भाषण. नाच झाला नाही, तर शिंदेबाई दोन शब्द बोलतील आणि कार्यक्रम संपवू."

पहिल्या रांगेत शिंदेबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्याच होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. सांत्वनाला गेल्यासारखी.

मी लक्ष्मीअक्काचे पाय धरायचे बाकी ठेवले. "अक्का, कायतरी करा. महिनाभर पाठ केलंय मी."

तिनं थोडा विचार केला. "आम्ही बसून गाऊ. सुबान्ना बसून वाजवेल. नाचणाऱ्या तुम्ही."

"आमी?"

"फुगडी येते ना तुम्हाला? आमच्या बायका पण फुगडीच घालतात. गाणी आमची, पाय तुमचे. आणि तुमच्यात एकजण पण जेवलेली नाही, हे मी बघितलंय. हलक्या आहात."

ह्या वयात मी फुगडी घालणार नव्हते. पण शिंदेबाईंनी पर्समधून चष्मा काढला, आणि मी मालनचा हात धरला.

गाणं सुरू झालं. ते काय गाणं होतं म्हणून सांगू. आवाज पोटातून येणारे, आणि पोटं तर त्या दिवशी भरलेलीच. दमामचा पहिला ठोका छातीत बसला. आम्ही मंडळाच्या बायका फिरायला लागलो. पोरांनी बाकं बडवायची थांबवली. केनियाची पोरं उठून उभी राहिली, टाळ्यांचा ठेका धरला. माझे पाय, खरं सांगते, माझे राहिले नाहीत. पहिलं गाणं झकास झालं.

दुसऱ्याला दम लागला. तिसऱ्याला डोळ्यांपुढं म्युझियममधले भाले फिरायला लागले. मी सुबान्नाकडं बघून म्हटलं, "बस."

त्यानं वेग वाढवला.

"बस, बस," मी म्हटलं. "आवं पावणं, पुरं."

त्यानं आणखी वाढवला. लक्ष्मीअक्कानं नवं गाणं उचललं. मालन मध्येच हात सोडून खांबाला धरून उभी राहिली. मी एकटी गरगर फिरून कशीबशी थांबले. सुबान्ना पुढं होऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "काकी, तुमच्या गावात बस म्हटलं की वाढायचं असतं ना?"

टाळ्या थांबेनात. साहेब खुशीत स्टेजवर आले. "आणि आता आपल्या काकी सिद्दी बांधवांचा इतिहास सांगतील."

माइक माझ्या तोंडापुढं आला. महिनाभराची तयारी. सगळं डोक्यात होतं, जंजिरा, वजीर, रान, सगळं. मी तोंड उघडलं.

हा... हा... हा...

कर्ण्यातून सगळ्या हॉलभर नुसती माझी धाप. मी पुन्हा प्रयत्न केला. ही माणसं आपली, एवढं म्हणायचं होतं. "ही..." म्हणाले, आणि पुन्हा धाप. पोरांना वाटलं, हा नाचाचाच पुढचा भाग असणार. ती धापेच्या तालावर टाळ्या द्यायला लागली. सुबान्नानं हळूच दमाम धरला. केनियाची पोरं माझ्यासारखीच हा-हा करायला लागली. जसजशी माझी धाप वाढली तसतसा कार्यक्रम रंगला. कोल्हापुरात एवढ्या टाळ्या घेतलेलं भाषण मी तरी दुसरं पाहिलं नाही.

साहेबांनी मला नारळ दिला आणि हाताला धरून खाली उतरवलं. शिंदेबाई उठून समोर आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काकी, मी तुम्हाला उगाच बोलले. भाषण फार मुद्देसूद झालं."

ह्याला माझ्याकडं चांगलं झणझणीत उत्तर होतं. अजून आहे. पण त्या हॉलातून बाहेर पडेपर्यंत माझी धाप काही बसली नव्हती.