पेर्साबाई आणि पेटीतला वारा

पेर्साबाईच्या आईच्या तोंडावरून वारं गेलं ते बसच्या उघड्या खिडकीपायी, आणि मावशी गेली ती ओल्या केसांनी दारात उभी राहिली म्हणून. डॉक्टरांनी कागदावर भलतंच काही लिहिलं होतं, पण कागदाचं काय, तो लिहील ते सोसतो. सर्बियातल्या तिमोक नदीच्या खोऱ्यात माणूस लढायांनी मरत नाही, राकियाच्या दारूनं तर नाहीच नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मरतो. त्या आरपार वाऱ्याचं नाव प्रोमाया. ते घेताना जाणती माणसं आवाज खाली आणतात.

पेर्साबाई तिथल्या छोट्या रेडिओवर दर रविवारी दुपारी ‘इच्छा आणि शुभेच्छा’ सादर करायची. ‘व्हिएन्नात बांधकामावर असलेल्या जावयाला सासूकडून, फोन कर या निरोपासह’ असं वाचायचं आणि गाणं सोडायचं. तिचा संसार काही झाला नाही. झाला तो या तासाभराशी. जेवायला बसलेलं गाव तिचा आवाज सुरू झाल्याशिवाय सूपात चमचा घालत नव्हतं, असं ती म्हणायची. गावही नाही म्हणत नव्हतं.

पण रेडिओ आता ल्युबिन्कोचा होता. त्यानं फरशा विकून पैसा केला आणि त्यातून एक रेडिओ घेतला, जसं कोणी कुत्रा घेतं. मागल्या खेपेला पेर्साबाईनं एका मयताला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, वर शंभर वर्षं जग म्हणून सांगितलं. तेव्हापासून ल्युबिन्को म्हणत होता, “आणखी एक घोटाळा, की बेलग्रेडहून तयार गाणी लावतो. त्यांना पगार नको, आणि त्यांचा कोणी मयतही निघत नाही.”

आणि नेमकी त्याच आठवड्यात पेर्साबाईच्या डाव्या गुडघ्यात कळ आली.

कळ कुठून आली हे तिनं लगेच हुडकलं. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीतून बारीक वारा येत होता, थेट गुडघ्यावर. खिडक्या सगळे बंद करतात, पेट्यांकडे कोणी बघत नाही! काही दिवसांपूर्वी रेडिओची यंत्रं सांभाळणाऱ्या वितोमिरनं मशीनचं घड्याळ लावताना, ते चालू होता होताच एक बटण दाबून आतल्या सेटिंगचा निळा पडदा उघडला होता. ते बटण तिच्या ध्यानात होतं. शनिवारी जाताना तिनं तो पडदा उघडला, पंख्याचं चित्र शोधलं, पुढच्या ‘चालू’चं ‘बंद’ केलं आणि मशीन बंद करून घरी आली. रात्री गुडघा दुखला नाही. पुरावा आणखी कसला हवा?

रविवारी मशीन चालू केलं तर पेटी किंचाळली. पडदा काळाठिक्कर, त्यावर इंग्रजीची एक ओळ, पुढे काही नाही. सगळी गाणी आतच.

वितोमिर जेवणाच्या ताटावरून उठून आला, रुमाल अजून गळ्यात. त्याच्या लग्नात पेर्साबाई साक्षीदार, म्हणजे कूम. ते नातं तिकडे रक्तापेक्षा जाड.

“कशाला हात लावलास, कूमबाई?”

“मी? देवाशपथ! धूळसुद्धा पुसली नाही.”

“ते दिसतंयच.” त्यानं झाकण उघडलं. “पंखा फिरत नाही. म्हणून अडलंय. जळू नये म्हणून थांबतं ते.”

अडगळीतल्या जुन्या मशीनचा पंखा काढून त्यानं बसवला. तोही ढिम्म. वितोमिरनं मान हलवली. “पंखा गेला नाही गं. पेटीतला मुख्य बोर्डच गेला.”

“नवा?” दारात उभ्या ल्युबिन्कोनं विचारलं.

“आज रविवार. आज तर मेलेल्याला पुरायचंसुद्धा उद्यावर ढकलतात.”

“मग बेलग्रेड,” असं म्हणून ल्युबिन्कोनं खिशातून फोन काढला. त्याच्या आवाजात दुःख असं काही नव्हतं.

पेर्साबाई कात्रीत सापडली. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर रविवारच जातो.

“थांबा, मालक,” ती म्हणाली. “पंखा मी बंद केला. त्या निळ्या पडद्यात जाऊन. गुडघ्यावर प्रोमाया येत होती.”

आता हसतील, असं वाटून तिनं डोळे मिटले.

“कोणत्या गुडघ्यावर?” ल्युबिन्कोनं विचारलं.

“डाव्या.”

“अरे देवा! माझ्या काकाचंही डाव्यापासूनच सुरू झालं होतं.” त्यानं फोन खिशात घातला.

भडकला तो एकटा वितोमिर. “अगं बये, पेटी पलीकडे सरकवता येत नव्हती? मी इथं बोर्डाचं सुतक धरून बसलोय!” त्यानं तेच बटण दाबलं, निळ्या पडद्यातल्या पंख्यापुढे पुन्हा ‘चालू’ लिहिलं, बदल राखून बाहेर आला. पेटी घुमली, पडदा उजळला. झाकण लावायला मात्र वेळ नव्हता. कार्यक्रमाची धून वाजायला लागलीच होती.

उघड्या पेटीतला पंखा माइकमध्ये सोसाट्यानं घोंघावत होता. पहिला फोन गाण्यासाठी नव्हता.

“पेर्से, खिडकी उघडी राहिली का गं तिथं? वारा ऐकू येतोय.”

दुसरी बाई म्हणाली, “मान झाक आधी, गाणं मागनं लाव.” तिसरा व्हिएन्नाहून बोलत होता, खुद्द जावई, तिथं बांधकामावर प्रोमायाचं कोणी मनावर घेत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. दोन गाणी कशीबशी झाली. मग औषधवाला आला आणि कमरेच्या लोकरी पट्ट्यांची जाहिरात दर रविवारी द्यायला तयार झाला.

गाणं चालू असताना ल्युबिन्को आत आला. दार त्यानं पटकन लावून घेतलं.

“पेर्साबाई, कार्यक्रम चालू राहतोय. पण पेटीचं झाकण लावायचं नाही. लोकांना वारा हवाय.”

“आणि माझे गुडघे, मालक?”

“ते कुठं ऐकू जातात?”

पेर्साबाईनं शाल मांड्यांवर घट्ट गुंडाळली, घसा साफ केला आणि पुढची शुभेच्छा वाचायला घेतली.