अरबाबच्या खोक्यातली कॅसेट

२०२४ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि मुलाकडे, दुबईत इंटरनॅशनल सिटीत, राहत होतो. मुलगा आणि सून सकाळी कामाला गेली की घरात मी आणि फ्रीजचा आवाज. नातवंडं शाळेतून येत, मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देत आणि आपल्या खोलीत जात. तक्रार नाही, होतं तसं सांगतोय. माझी शाळा चौथीपर्यंतच. तरी हे मी माझ्या हाताने लिहिलंय. सून म्हणाली होती, तुम्ही बोला, मी टाईप करते. मी नको म्हटलं.

त्या वर्षी एक फोन आला. बाई मराठी बोलत होती, पुण्याची. माझे जुने अरबाब, म्हणजे मालक, वारल्यावर घरच्यांनी त्यांचे खाजगी कागद एका संस्थेला जपायला दिले होते आणि ही बाई ते लावत होती. अरबाब आधी व्यापारी, तांदूळ आणि चहा मागवायचे. मग सरकारने त्यांना अर्थखात्यात मोठ्या खुर्चीवर बसवलं. जुन्या फोटोंतली माणसं ओळखायला कोणीतरी हवं होतं, म्हणून घरच्यांनी माझा नंबर दिला. मी त्यांच्याकडे ऑफिसबॉय होतो.

मी जायला तयार झालो, पण फोटोंसाठी नाही. त्या कागदांत माझी एक कॅसेट असणार होती, आणि तिच्यात माझ्या बायकोचा आवाज.

हे आजच्या लोकांना सांगावं लागेल. माझ्या बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याने लिहायचं आणि दुसऱ्यानेच वाचून दाखवायचं, म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं आधी मोहल्ल्यात फिरून यायचं. म्हणून आम्ही कॅसेट भरायचो. ती टेपसमोर बसून बोलायची, आणि रत्नागिरीहून सुट्टी संपवून येणारा कोणी ती मला आणून द्यायचा. मी ऐकायचो आणि त्याच कॅसेटवर, तिच्याच बोलण्यावर, माझं भरून परत पाठवायचो. सगळे असंच करायचे. तिचा आवाज पुसला जातोय असं मनातही येत नसे. ती होती ना तिकडे, पुन्हा बोलेल.

आमच्या खोलीत आठ माणसं. तिथे बायकोशी काय बोलणार? म्हणून अरबाब घरी गेले की मी ऑफिसात बसून ऐकायचो, भरायचो, आणि कॅसेट त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचो. त्यांना माहीत होतं. एकदा हसून म्हणाले होते, तुझी बेगम माझ्या कपाटात राहते.

मग त्यांना सरकारचं बोलावणं आलं. ऑफिस घाईने बंद झालं, कपाट होतं तसं, माझ्या कॅसेटसकट, त्यांच्या घरी गेलं. मला म्हणाले, तूही चल, तिथे चहा तुझ्याच हातचा पाहिजे. मी म्हटलं, सरकारी युनिफॉर्म घालून मी चहा देणार नाही. खलास. रास अल खोरला एका गोदामात पिकअप चालवायला लागलो. ज्यांना नोकरीला नाही म्हटलं, त्यांच्या दारात वस्तू मागायला जाणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पुढच्या वर्षी गावी तापात बायको गेली. मुलगा चार वर्षांचा होता, माझ्या बहिणीने वाढवला.

तर मी बसने गेलो. मोठी थंडगार खोली, फळ्यांवर राखाडी खोकी. अरबाब कुठल्याही कागदावर हिशेब करायचे, सिगारेटच्या पाकिटांवरसुद्धा. ती पाकिटंही पातळ कागदात गुंडाळून ठेवलेली. चष्मा होता. पत्र्याचा चहाचा डबा होता.

फोटोंतली निम्मी माणसं मला आठवली नाहीत, तसं मी सांगून टाकलं. एका फोटोत अरबाब पाहुण्यांबरोबर बसलेले आणि कडेला फक्त ट्रे धरलेला एक हात.

"हे कोण, काका?" बाईने विचारलं.

"मी."

"मग नाव लिहू?"

"हात लिहा. दिसतोय तेवढंच लिहा."

ती हसली. मग मी कॅसेटचं विचारलं. तिने एका खोक्यातून काढलीच. वर नखपॉलिशचा लाल ठिपका होता. घरातल्या कव्वालीच्या कॅसेटींत मिसळू नये म्हणून बायकोनेच लावलेला. या कॅसेटवर मी अजून उत्तर भरलं नव्हतं, याची मला पक्की खात्री होती. बाईला तसं सांगितलंही.

तिने मशीनमध्ये लावली. आणि मीच बोलायला लागलो.

तरुण, ऐटीतला आवाज. मी खुशाल आहे. अरबाब माझ्याशिवाय पाणी पीत नाही. मागच्या पडवीची कौलं बदलून घे. पोराला थंडी लागू देऊ नकोस. बाकी सगळं ठीक. संपलं.

म्हणजे मी भरली होती, फक्त पाठवायची राहिली होती. बाईने बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, चालू दे. काही अपेक्षा नव्हती, मला उठवत नव्हतं एवढंच. बराच वेळ नुसती खरखर. मग खट् झालं आणि मधूनच बायको बोलायला लागली.

"...फणस कोणी उतरवला मी नाही विचारलं. हा बघा, इथेच बसलाय. बोल रे, अब्बांना सांग काय खाल्लंस."

"नको," एक पोर म्हणालं.

"नको म्हणतो. तुमचाच आहे. ऐकताय ना? आणि या वेळी चार शब्दांत आटपू नका. मी मेली एवढं बोलते, तुम्ही आपले हुकूम सोडून मोकळे."

मी आटपलं होतं म्हणून ती उरली होती.

बाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पुन्हा लाव म्हटलं. तिसऱ्यांदा ऐकून कॅसेट मागितली, तर म्हणाली, खोकी त्या घराण्याने दिलीत, त्यांची परवानगी आल्याशिवाय काही बाहेर जात नाही. परवानगी तीच मागणार होती. तोवर इथे येऊन हवं तेवढं ऐका, म्हणाली. माझी वस्तू असून मी भांडलो नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला. अब्बा, जेवलात का, म्हणाला. मी हो म्हटलं. तो फोनवर बोलत आत गेला. आईचा आवाज त्याला आठवत नाही, लहानपणी एकदा त्यानेच मला विचारलं होतं कसा होता म्हणून. तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. त्या रात्रीही मी त्याचं दार वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या आधी खाली उतरलो आणि त्याच्या गाडीपाशी उभा राहिलो. मला कुठे सोड असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. त्याने घाबरून विचारलं, दवाखान्यात जायचंय का? मी पुढच्या सीटवर बसलो. पट्टा मला लागेना, त्याने वाकून लावून दिला.

"आज ऑफिसला उशिरा जा," मी म्हटलं. "तुझी आई ऐकवायचीय तुला."

त्याने गाडी सुरू केली. मी बसचा रस्ता आठवून त्याला वळणं सांगायला लागलो.